जर्मनीत पाहिलेले महादेवराव

मौद्याजवळ महादेवरावांची सहा एकर धानाची शेती आहे. ते इस्त्रीची पँट घालतात, हवामान मोबाइलवर बघतात आणि आपला ट्रॅक्टर रोज स्वतः धुतात. काळजी एकच होती, मुलगा धर्मेंद्र याचे लग्न जमत नव्हते.

मागच्या वर्षी लुकास नावाचा जर्मन चित्रकार त्यांच्याकडे चार दिवस राहिला. दुभाष्या मी होतो. पहिल्याच संध्याकाळी त्याने सांगितले, की दीड-दोनशे वर्षांपूर्वी युरोपचे काही चित्रकार अमेरिकेच्या सरहद्दीवर जात, तिथल्या माणसांना पिसांचे मुकुट चढवत, दुकानातून घेतलेले कपडे आणि भांडी चित्रातून वगळत. घरी बसलेला युरोप त्यालाच अमेरिका समजे. या खोटेपणाचा त्याला मनापासून राग होता.

दुसऱ्या दिवशी चित्रासाठी त्याने महादेवरावांना हातातले घड्याळ काढून ठेवायला सांगितले. मग पँट बदलायला. घरात धोतर नव्हते, ते भजनी मंडळाच्या धोंडबाकडून आणले. बैलजोडीही त्याचीच.

"काहून गा, माहा ट्रॅक्टर त्याले आवडला नाही का?" महादेवरावांनी मला विचारले.

पाहुण्याचे मन मोडू नये म्हणून हा प्रश्न मी लुकासपर्यंत पोचवला नाही.

हिवाळ्यात हुडकेश्वरच्या दिपालीचे स्थळ जवळपास ठरले. तेवढ्यात जर्मनीत नोकरी करणाऱ्या तिच्या मामाने, कृष्णकांतने, एका प्रदर्शनातल्या चित्राचा फोटो पाठवला. खाली महादेवरावांचे नाव, गाव आणि ओळ: 'यंत्रयुगाने न गाठलेला शेतकरी'.

रविवारी दिपालीचे वडील तिला घेऊन घर बघायला आले. ट्रॅक्टरभोवती दोनदा फिरले.

"शेजाऱ्याचा आणून ठेवला असन."

"माहाच आहे जी. आरसी बुक दाखवतो."

"मग चित्रात काहून नाही? जर्मनीवाले खोटं काहून काढतील?"

महादेवरावांनी माझ्याकडे पाहिले. मी चहात बिस्किट बुडवले.

दिपाली मोबाइलवरचे चित्र समोरच्या शेताशी ताडून पाहत होती. धानाच्या बांध्यांमागे वीज केंद्राची उंच चिमणी धूर सोडत होती.

"बाबा, याच्यात चिमणी कुठं आहे?" ती म्हणाली. "ज्याले एवढी चिमणी दिसली नाही, त्याले ट्रॅक्टर काय दिसते?"

वडिलांनी पुन्हा चहा मागितला, तेव्हा धर्मेंद्रचा जीव भांड्यात पडला. जाण्याआधी तारीखही निघाली.

सगळ्यांचा ट्रॅक्टरसोबत फोटो काढून दिपालीच्या वडिलांनी तो कृष्णकांतला पाठवला. त्याचे उत्तर लगेच आले: "फोटोचं काय घेऊन बसलात, भाऊजी, आजकाल कसाही बनवता येतो."