लिफ्टच्या मापाचा सूट

बोटीवर सगळे जेवायला बसतील, सुनेचं नाव पुकारलं जाईल, टाळ्या पडतील, आणि तिच्या शेजारची खुर्ची रिकामी असेल. गेले आठ दिवस आईच्या डोळ्यांसमोरून ती खुर्ची हलत नव्हती. कपड्यांच्या घड्या घालताना तीच, रस्ता ओलांडताना तीच. आणि खुर्ची ज्याची, तो तिचा मुलगा तेव्हा खालच्या खोलीत मोबाइलवर यंत्रांचे व्हिडिओ बघत बसलेला असेल, हेही तिला लख्ख दिसत होतं.

घरात त्याला सगळे वकील म्हणत. लहानपणी तो दिवसभरात मोजून चार वाक्यं बोलायचा, म्हणून त्याच्या बाबांनी गमतीनं ठेवलेलं नाव. बाबा गेले, नाव राहिलं. वकील आता अडतीस वर्षांचा होता आणि लिफ्ट दुरुस्त करायचा. सत्तरेक इमारती त्याच्याकडे होत्या. कुठला दोर कधी बदलला, कुठल्या मजल्यावर दार अडखळतं, सगळं तोंडपाठ. कुणी आत अडकलं की बंद दाराबाहेर उभा राहून तो अशा आवाजात बोलायचा की आत रडणारा माणूस गप्प व्हायचा. "दारापासून लांब उभे राहा. हवा भरपूर आहे. मी इथंच आहे, कुठं जात नाही." मात्र दार उघडून माणसं आभार मानायला बाहेर आली, की हा पिशवी उचलून जिन्यानं पसार.

चार माणसं जमली की वकील तिथं नसायचा. आणि त्याचं नसणं निभावून न्यायचं काम आईचं. शाळेतल्या बाईंना "ताप आहे", आत्याला "ड्यूटी लागली", लग्नानंतर सुनेच्या माहेरी "पाठ धरलीय". इतक्या वर्षांत त्याची पाठ आईनं फोनवरून एवढ्या वेळा धरवली होती, की आत्या भेटली की नमस्काराच्या आधी पाठीची चौकशी करायची.

सून चष्म्याच्या भिंगांच्या कारखान्यात तपासणी विभागाची प्रमुख होती. तिच्या विभागानं वर्षभरात सगळ्यांत कमी भिंगं वाया घालवली, म्हणून कंपनी तिला आणि आणखी काही जणांना जोडीदारासह पाच दिवसांच्या क्रूझवर पाठवत होती. एका रविवारी तिनं आईकडे बसून बोटीवरचा कागद वाचून दाखवला.

"दोन रात्री फॉर्मल आहेत. पुरुषांनी गडद रंगाचा सूट आणि टाय. जीन्स घातली तर मोठ्या हॉलमध्ये सोडणार नाहीत. बक्षीस दुसऱ्या रात्री."

"मग बरं झालं," वकील म्हणाला. "मी जीन्सच घालतो."

दोघी हसल्या. हसता हसता सुनेनं कागदाची घडी जरा जास्तच दाबून घातली, ते आईच्या नजरेतून सुटलं नाही. नंतर ओट्यापाशी कप पुसताना सून हळूच म्हणाली, "आई, बक्षिसाचं मला एवढं काही नाही हो. पण दहा वर्षांत एकदा तरी ह्यांनी शेजारी बसावं."

आईनं दुसऱ्याच दिवशी वकिलाला तयार कपड्यांच्या दुकानात नेलं. तिथला विक्रेता गळ्यात टेप टाकून हसत पुढं आला आणि त्यानं वकिलाच्या खांद्याला हात लावला. पाच मिनिटांनी मायलेक बाहेर आले तेव्हा वकिलाच्या हातात मोज्यांचे तीन जोड होते.

"मोजे लागणारच होते," तो म्हणाला.

मग आईचा नेहमीचा म्हातारा शिंपी. तिथं मात्र वकिलानं कापड मनापासून निवडलं. काळं नको, वाढप्यासारखं दिसेल. राखाडी नको, शाळेतला गणवेश आठवतो. शेवटी जवळजवळ काळं वाटणारं निळं कापड त्यानं दारापाशी उजेडात नेलं, चिमटीत धरून बघितलं. "हे. ह्यावर ग्रीस पडलं तरी दिसणार नाही."

"अरे, बोटीवर ग्रीस कुठून येणार?"

"बोटीलाही लिफ्ट असते, आई."

शिंप्यानं टेप उचलली, तसा वकील दोन पावलं मागं सरला. "मापं मी लिहून पाठवतो," म्हणाला आणि कामाचं जाडजूड जॅकेट सावरत निघूनही गेला.

सूट शनिवारी आला. रविवारी सून बूट आणायला गेली असताना वकिलानं तो आईच्या कपाटाच्या आरशासमोर घातला. खांदे दंडांवर उतरले होते. बाह्यांतून बोटांची टोकं तेवढी दिसत होती. कोटाचं बटण लावल्यावर पोटापाशी एक उशी सहज मावली असती. 

वकिलानं एकदा बाजूनं वळून बघितलं. मग कोट काढून त्यानं नीट घडी घातली. "बघितलंस ना? सूट बसायला अंगही तसं लागतं. तूच सांग ना तिला. पाठ धरलीय म्हण. बोटीवर येतो मी, फक्त त्या हॉलमध्ये नको."

"बघते," आई म्हणाली. आईचं 'बघते' म्हणजे 'हो', हे दोघांनाही माहीत होतं.

निघायला चार दिवस उरले होते. सोमवारी सकाळी आईनं सूट पिशवीत कोंबला आणि तणतणत शिंप्याचं दुकान गाठलं.

"हे काय शिवलंत हो? पोराला तंबूत उभं केलंत."

"ताई, मापाबाहेर मी एक टाका घातलेला नाही," म्हणत शिंप्यानं खणातून कागद काढून तिच्यापुढं ठेवला. "आणि हे माप तरी कसलं? हा तर इमारतीचा नकाशा आहे. चाळीस वर्षांत मला असं माप कुणी दिलं नाही."

कागदावर हात पसरलेला एक माणूस पट्टीनं आखला होता. ठिकठिकाणी बाण, प्रत्येक बाणावर मिलिमीटरमधला आकडा. अगदी खाली कोपऱ्यात वकिलाचं मुंगीएवढं अक्षर होतं. आई ते अक्षर पहिलीपासून वाचत आली होती. 'सर्व मापांत प्रत्येक बाजूला २५ मोकळे धरले आहेत.'

शिंप्यानं चष्मा लावला. "हे मी वाचलंच नाही. पण हे मोकळे कशाला?"

आईच्या डोक्यात प्रकाश पडला. लिफ्टचा डबा भिंतीला लागता कामा नये, चहूबाजूंनी जागा सोडावीच लागते, हे वकिलानं तिला कितीदा तरी सांगितलं होतं. त्यानं स्वतःचं अंग तसंच मोजलं होतं. तिनं ते शिंप्याला सांगितलं.

"म्हणजे चारी बाजूंचे मिळून चार इंच त्यानं सोडले आणि चार मी, नेहमीचे," शिंपी म्हणाला आणि खो खो हसला. "सैल झालाय हे नशीब, आत घेता येईल. आज सहापर्यंत थांबतो, त्याला अर्धा तास माझ्यासमोर उभं करा, परवा देतो. नाहीतर त्याचा एखादा नीट बसणारा शर्ट आणून द्या, अंदाजानं उरकतो."

"शर्टच आणते," आई लगेच म्हणाली.

घरी येऊन तिनं कपाटातून त्याचा राहून गेलेला शर्ट काढला. तो पिशवीत ठेवता ठेवता ती पलंगावर टेकली. शर्टावरून सूट होईल, ठीकठाक बसेलही. मग टाय गळ्याला आवळेल. टाय सैल केला तर बूट चावतील. आणि गुरुवारी सुनेला फोन आपल्यालाच करावा लागेल. सून "असू दे आई" म्हणेल आणि आणखी काही विचारणार नाही. तिनं दहा वर्षांत कधी काही विचारलं नव्हतं. विचारणार तरी कुणाला? नवऱ्याच्या तोंडचं 'येत नाही' तिनं कधी ऐकलंच नव्हतं. ती ऐकत होती ते सासूचं.

आणि त्या पोराला तर अजून वाटत होतं की खोट त्याच्या अंगात आहे.

एक वाजत आला होता. या वेळी तो कुठल्यातरी गच्चीवर मशीनच्या खोलीबाहेर जेवणाचा डबा उघडून बसलेला असणार. आधी त्याला जागा दोनदा सोडली गेल्याचं सांगायचं, तिनं ठरवलं. ते त्याला कुणाहीपेक्षा लवकर कळेल. मग सांगायचं की शिंपी सहापर्यंत थांबतोय, तू स्वतः जा, मी शर्ट देणार नाही. आणि हॉलमध्ये बसायचं नसेल तर बायकोला तुझं तू सांग, माझ्याकडून पाठीचा फोन जाणार नाही. तो गप्प राहील. राहू दे. आपण फोन धरून बसायचं.

तिनं मुलाचा नंबर लावला.