शंभर मीटरचा कारपेंटर

शंभर मीटर अंतर दहा सेकंदांच्या जरा वर कापणारा माणूस चार तास एका जागी कसा उभा राहतो, हे तुम्ही कधी पाहिलंय का? मी पाहिलंय. कतारमध्ये, अल रय्यानच्या आमच्या बांधकाम कंपनीच्या ऑफिसात माझ्या खिडकीपुढे जमिनीवर एक पिवळी पट्टी होती. कामगारांनी तिच्यामागे थांबायचं. बाकीचे कसेही थांबत. हा मात्र बुटांची टोकं पट्टीला लागणार नाहीत इतपत, केसभर अंतर ठेवून उभा राही. नंबर आला की खिडकीत वाकून म्हणे, "सिस्टर, वळण माझ्यावर सोड."

ते त्याचं पालुपद होतं. घानाच्या रिले संघात तो तिसरा धावायचा, आणि तिसऱ्याच्या वाट्याला वळण येतं. लोक सुरुवात बघतात आणि शेवट बघतात, वळण कुणी बघत नाही, असं त्याचं म्हणणं. पण काठी तिथेच पडते. इंडस्ट्रियल एरियातल्या त्याच्या कामगार-कॅम्पमध्ये न्हाणीघरावरून भांडण झालं की हाच मध्ये पडायचा, आणि तिथेही हेच म्हणायचा.

बंदराच्या गावातली शाळा, मग कॉलेजची शिष्यवृत्ती, मग देशाचा संघ, मग युरोपातले चार उन्हाळे. तिकडच्या लहान लहान शहरांतल्या स्पर्धांत आठवी लेन रिकामी दिसू नये म्हणून त्याला बोलवत. हे तो स्वतःच हसत सांगायचा. "मी लेन भरणारा माणूस. एकदा भरता भरता दुसरा आलो. पुढच्या वर्षी बोलावलंच नाही."

फुटबॉलचा वर्ल्ड कप जवळ येत होता. दोहाभर खड्डे आणि क्रेन. आमच्या मालकांना खेळाचा शौक, त्यांचा एक ॲथलेटिक्स क्लब होता आणि त्या क्लबासाठी ह्याला आणलं. पण क्लबाच्या वाट्याचे व्हिसा संपले होते, आणि बांधकामाचे ढिगाने पडून होते. आमचे मॅनेजर, पुण्याचे साहेब, माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "कारपेंटर टाक गं. पळताना कोण कार्ड बघतंय?"

मी टाकलं. शटरिंग कारपेंटर, म्हणजे काँक्रीटचे साचे ठोकणारा सुतार. माझ्या घरी कामगारांच्या हक्कांची पत्रकं छापून येत आणि लहानपणी त्यांच्या घड्या मी घातलेल्या आहेत. त्याच बोटांनी टाकलं. हे काय लिहिलंय, असं त्याने विचारलं तेव्हा मी म्हटलं, फॉर्मॅलिटी.

तेव्हापासून तो ऑफिसचा मिस्त्री झाला. एकदा पँट्रीच्या कपाटाचं दार निखळलं, तर कुणीतरी मुद्दाम त्यालाच हाक मारली. त्याने बुटाची नाडी काढली, दार करकचून बांधलं आणि म्हणाला, "गॅरंटी एक सीझन." आम्ही पोट धरून हसलो. तोही हसला. आमच्या हसण्यात आणि त्याच्या हसण्यात काय फरक होता, ते कळायला मला वेळ लागला.

दोन हंगाम तो क्लबासाठी जिंकला. चषक मालकांच्या मजलिसमध्ये, पाहुण्यांच्या बैठकीत लागले. तिसऱ्या हिवाळ्यात घानाहून बोलावणं आलं, रिले संघाची निवड चाचणी होती. तो तिशीला आला होता. पुन्हा असं बोलावणं येणार नाही हे त्याला माहीत होतं. देश सोडायला मालकाची सही लागायची, आणि अर्ज साहेबांच्या हातूनच पुढे जायचा. तो अर्ज घेऊन माझ्या खिडकीशी आला, चाचणीला तीन आठवडे होते.

त्याच आठवड्यात कंपनीचा क्रीडादिन होता. झाडून सगळी कुटुंबं आली होती, डबे, सतरंज्या, लिंबू-चमचा. साहेबांनी माइकवर जाहीर केलं, ऑफिसर विरुद्ध मिस्त्री, आणि ऑफिसर म्हणजे ते स्वतः. आणि शर्यत न्याय्य व्हावी म्हणून मिस्त्रीच्या खांद्यावर सिमेंटची गोणी. त्याने जवळ जाऊन हळूच सांगितलं की चाचणी आहे, पाय जपायला हवा. साहेबांनी माइक बंद केला नव्हता.

"कारपेंटर आहेस ना? मग गोणीला काय घाबरतोस? यल्ला, चल पळ."

लोक हसले. मुलं ओरडायला लागली, रन मिस्त्री रन. टाळ्या वाजत होत्या आणि त्यांत माझ्याही होत्या.

साठ मीटरपर्यंत तो पुढे होता. मग पाय एकदम आखडला. त्याने आधी गोणी खाली ठेवली, फुटू न देता, आणि मग मांडीची मागची बाजू धरून बसला. साहेब पहिले आले. त्यांना बक्षीस म्हणून थर्मास मिळाला आणि फोटो निघाला.

उपचारांचं विचारलं तर क्लब म्हणाला, हा आमच्या कागदावर नाही. कंपनी म्हणाली, आमच्या कागदावर कारपेंटर आहे आणि साइटवर गैरहजर आहे. पायाला पट्टी बांधून त्याला अल थुमामाकडच्या एका इमारतीवर पाठवलं. वर्ल्ड कपच्या पाहुण्यांसाठी ती उठत होती.

एका दुपारी तो पुन्हा खिडकीशी आला. त्याचे जुने प्रशिक्षक तो पाय ओळखून होते. त्यांनी कळवलं होतं, चाचणीत धावता आलं नाही तरी समोर उभं राहिलं तर निवड समिती मुदत देईल, नाही गेलं तर नाव कापलं जाईल. एवढंच होतं.

"साहेब म्हणतात, कारपेंटरला कसली निवड. तू टाइप केलंस, सिस्टर. तू सांग त्यांना मी कोण आहे."

फाइलमध्ये सगळं होतं. क्लबाचं पत्र, शर्यतींचे फोटो. ती उचलून त्याच्याबरोबर कामगार खात्यात जाता आलं असतं. पण मला दुसरीकडे नोकरी मिळाली होती, आणि तिच्यासाठीचा माझा ना-हरकत कागद साहेबांच्या टेबलावर सहीसाठी पडला होता. मी म्हटलं, इन्शाल्ला, बघते.

तो शांतपणे म्हणाला, "म्हणजे नाही. ते मी इथे पहिल्याच आठवड्यात शिकलो."

चाचणीच्या दिवशी तो शिडीवर होता. पुढे साइटचा फोरमन, लातूरचा, त्याची तक्रार घेऊन ऑफिसात आला. "ह्याला कारपेंटर कुणी केलं ओ मॅडम? खिळा धरता येईना, अन् शिडी चढताना पाय घासत नेतंय." सगळे हसले. मी कॉम्प्युटरकडे बघत बसले.

उन्हाळ्यात त्याला परत पाठवलं. तीन आठवडे न मिळालेली सही एका दुपारी मिळाली. कारणाच्या रकान्यात मजकूर होता, कारपेंटर, कामास अयोग्य. तोही मीच टाइप केला. पुढच्या महिन्यात माझा कागद सुटला. आता मी दुसऱ्या ऑफिसात बसते, खुर्ची बरी आहे. त्याचा नंबर लागत नाही.

तुमच्यातले बरेच जण अशाच खिडकीच्या आतल्या बाजूला बसतात, म्हणून हे तुम्हाला सांगितलं. उद्या ऑफिसात गेलात की एक फाइल काढा. कार्डावर काय लिहिलंय आणि तो माणूस दिवसभर काय करतो, ते शेजारी ठेवून बघा. जुळत नसेल तर त्याला बोलवा, कागदाची प्रत त्याच्या हातात द्या आणि तिचा अर्थ त्याला कळेल अशा भाषेत सांगा. तुमचा स्वतःचा कागद साहेबांच्या टेबलावर पडला असेल, तरी द्या.