ओट्यावरच्या सह्या

आमच्या गावातही शहरातल्यासारख्या मोठ्या साखळी दुकानाची शाखा यावी, म्हणून कॉलनीतली मंडळी सह्या गोळा करीत होती. ऊन फार होते. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाचे बाबूशेठ यांनी त्यांना आपल्याच ओट्यावर बसवले, पाणीही दिले. मी तूरडाळ घ्यायला गेलो, तेव्हा शेजारच्या वहिनींनी कागद पुढे केला.

"करा हो भाऊजी. तिथं सगळं हाताळून घेता येतं."

मी शेठकडे पाहिले. ते हसले. "करा साहेब. आमच्या सूनबाईनं सकाळीच केलीय. तिला एसीत फिरायचंय."

नकार दिला तर वहिनी दुखावणार, होकार दिला तर शेठ. आणि खरे म्हणजे मलाही ते दुकान हवेच होते. आपल्याच इच्छेची लाज वाटली, की माणूस तिला भीड असे नाव देतो. मी सही केली. अक्षर नेहमीपेक्षा बारीक आले.

शेठनी डाळ तोलली. काटा स्थिर झाल्यावर त्यांनी सवयीने आणखी एक मूठ वर टाकली. नको म्हणायला माझे ओठ हलले. पण मी पिशवीचे तोंड उघडे धरून तसाच उभा राहिलो.