सिताबाईच्या दोन अठ्ठ्या

वाशीजवळच्या त्या गावात सिताबाईंची हयात मेंढरांमागं गेली. सत्तरी आली, गुडघे बोलायला लागले, तेव्हा मेंढरं विकली आणि मागं उरली एक शेळी, सुंद्री. मुलानं स्लॅबचं घर बांधलं, सोफा आणला. त्या सोफ्यावर पहिल्या दिवशी पहिली कोण बसली असेल, तर सुंद्री. उतरवलं की रुसायची आणि पडदा खायची.

तीन पडदे झाल्यावर सूनबाई शिवकांतानं निकराचं बोलणं केलं. "आत्याबाई, तुमच्याबद्दल माझं काही म्हणणं न्हाय. पण शेळी परंड्याला माझ्या भावाकडं जाणार." भाऊ दगडोबा टेम्पो घेऊन, हातात कासरा घेऊन, येऊन बसलाही होता. चिवडा खात होता.

सिताबाईंनी जेवण टाकलं. मग नात अक्षदा मधे पडली. पुण्याच्या होस्टेलवरून सुट्टीला आलेली पोर, सोबत पत्त्यांचा एक नवा खेळ घेऊन आली होती, ब्लॅकजॅक. "भांडू नका. आज्जीला दहा चिंचोके देते. दहा डाव. शेवटी दहा राहिले तर सुंद्री राहील, एक जरी कमी पडला तर परंडा. पत्ते मम्मी वाटेल."

खेळ सोपा होता. पानांची बेरीज एकवीसच्या जवळ न्यायची, वर गेलं की मेलं. राजा, राणी, गुलाम दहाचे, एक्का एकाचा किंवा अकराचा. दर डावाला चिंचोके लावायचे, जिंकलं की तेवढेच वर मिळतात, हरलं की गेले. वाटणाऱ्याचं एक पान उघडं, एक झाकलेलं, आणि त्याला सतरा होईपर्यंत पानं घ्यावीच लागतात. आणि हातात एकसारखी दोन पानं आली तर जोडी फोडून दोन वेगळे हात खेळता येतात, फक्त दुसऱ्या हातावरही तेवढेच चिंचोके लावायचे.

पहिल्याच डावात सिताबाईंना दोन अठ्ठ्या आल्या.

"फोड आज्जे!"

"जोडी फोडू? कुणाचं वाईट केलंय म्या?" सिताबाईंनी सोळावर तिसरं पान मागितलं. नव्वी आली. पंचवीस. मेलं.

शिवकांतानं चिंचोके ओढून घेतले. एरवी भाकरीला पीठ मोजून न घेणारी बाई, पण पत्ते वाटताना तिचा चेहरा परीक्षेतल्या पर्यवेक्षकासारखा झाला होता.

पुढं एकदा सिताबाईंना दोन दश्श्या आल्या. मागची चूक नको म्हणून त्यांनी हौसेनं फोडल्या. एका दश्शीला पंजी लागली, दुसरीला छक्की, आणि दोन्ही हात हरले.

अक्षदानं कपाळाला हात लावला. "अगं, वीस झाले होते! चांगली धष्टपुष्ट जोडी, कशाला फोडलीस?"

सिताबाई एकदम थांबल्या. "धष्टपुष्ट म्हणालीस?"

"व्हय. आणि अठ्ठ्यांचे सोळा म्हणजे मरतुकडी जोडी. ती कायम फोडायची."

"मग हे आधी सांगायचं की गं! जुळी कोकरं हायती ही!" सिताबाईंनी पदर खोचला. "मेंढीला जुळं झालं अन् दूध पुरंना, की दोन्ही मरायच्या वाटंवर. मग एक कोकरू उचलून दुसऱ्या मेंढीला लावायचं. दोन्ही जगत्यात. पण दोन्ही गुबगुबीत असली तर कोण येडा हात लावल? बरं, पंज्या?"

"दहा होतात. वर मोठं पान आलं की वीस. फोडायच्या न्हाईत."

"गुण्यागोविंदानं राहत्यात, राहू दे. एक्के?"

"कायम फोडायचे. एकेक अकराचा."

"दोन्ही दांडगी व्हणारी. एका आईवर भागायचं न्हाय त्यांचं."

कोपऱ्यातून दगडोबा म्हणाला, "ताई, या आता नीट खेळायला लागतील बघ."

"तू चिवडा खा," शिवकांता म्हणाली.

पण डाव तरी किती उरले होते? नऊ संपले तेव्हा सिताबाईंपुढं सहाच चिंचोके. त्यांनी तीन लावले. पानं उलटली. दोन अठ्ठ्या. शिवकांतापुढं उघडी होती छक्की.

"छक्की म्हणजे वाटणाराच अडचणीत, पानं ओढता ओढता एकवीसच्या वर जातोय," अक्षदा कुजबुजली.

"दिसतंय मला. लांडगा लंगडा हाय." सिताबाईंनी दोन्ही अठ्ठ्या हळूच बाजूबाजूला केल्या, खरंच कोकरं उचलावीत तशा, आणि उरलेले तीन चिंचोके दुसरीवर ठेवले. सोफ्यावरून सुंद्री टक लावून बघत होती.

पहिलीला राजा आला, अठरा. "बास, पोट भरलं." दुसरीला तिर्री, अकरा. अजून एक पान मागितलं. सत्ती. पुन्हा अठरा.

शिवकांतानं झाकलेलं पान उलटलं. गुलाम. सोळा. घ्यावंच लागणार होतं. तिनं देवाचं नाव घेऊन पान ओढलं. नव्वी.

"मेली!" अक्षदा ओरडली. "मम्मी न्हाय, डाव मेला. आज्जे, बारा झाले!"

सिताबाईंनी सुंद्रीच्या गळ्यात हात टाकला. दगडोबानं कासरा गुंडाळला.

शिवकांता थोडीच ऐकणार होती? "पुन्हा दहा डाव. आत्ताच. आता मला वाटायची सवय झालीय." तिनं पत्ते गोळा केले, मोजले. एक्कावन्न. पुन्हा मोजले. एक्कावन्नच. सोफ्याखाली पाहिलं, चिवड्याच्या ताटलीखाली पाहिलं.

सुंद्री रवंथ करत होती. तिच्या ओठांच्या कडेला बदामाच्या अठ्ठीचा एक कोपरा लोंबत होता.