पाव्हण्याचं पाणी

खर्ड्याच्या अलीकडं डांबरी सोडून कच्च्या रस्त्याला लागलं की कारभारीनानांची वाडी येते. वाडी मूठभर, पण तिच्यावर अभ्यास किती झालाय म्हणता! किल्ला जवळ, म्हणून आधी इतिहासवाले आले. ते पडक्या भिंतीचे चिरे मोजायचे आणि भर उन्हात उभं राहून आपसात भांडायचे. मग राहुरीच्या विद्यापीठातली पोरं आली, ती ज्वारीची कणसं आणि शेतातली माती पिशव्यांत भरून घेऊन गेली. एक बाई नुसतं बोलणं ऐकायला आली. इथली माणसं 'आहे' म्हणतात की 'हाय', एवढ्यासाठी बिचारी आठवडाभर ओट्यावर बसून होती. कुणी जात्यावरच्या ओव्या विचारी, कुणी लग्नात कोण कुणाच्या पंगतीला बसतं ते विचारी, आणि एक दाढीवाला तर लांडग्याची लेंडकं वेचायला आला होता. लांडग्याची! वाडीतल्या बाया तोंडाला पदर लावून हसून हसून बेजार झाल्या.

या सगळ्यांचा मुक्काम एकाच घरी, कारभारीनानांच्या. नाना शिकले सातवीपर्यंत, पण शिकल्यासवरल्यांची ऊठबस करून 'प्रबंध', 'नमुना', 'सर्वेक्षण' हे शब्द त्यांच्या तोंडात असे बसले होते, की सरपंचसुद्धा दबकून असायचा. कुणीतरी आपल्या प्रबंधात आभाराच्या पानावर त्यांचं नाव छापलं होतं. ते पान नानांनी देव्हाऱ्याशेजारी चिकटवलं होतं, आणि आल्यागेल्याला दाखवल्याशिवाय चहा पुढं सरकत नसे.

माणूस लाखमोलाचा, पण एक खोड होती. आलेला पाव्हणा त्यांच्या दारातून रिकाम्या हातानं जाता कामा नये. इतिहासवाल्यांना तोफ हवी असली की नाना ओढ्यात गाडलेल्या तोफेची गोष्ट रंगवून सांगणार. पंगतीचं विचारणाऱ्याला वाडीत सगळं गोडीगुलाबीचं आहे म्हणून सांगितलं, कारण पाव्हण्यापुढं घरची भांडणं काढत नाहीत. दाढीवाल्याला चार दिवस हिंडून काही सापडेना, तेव्हा नानांचाच जीव तुटला. सकाळी उठून ते कुठूनसं काहीतरी पिशवीत घालून घेऊन आले.

"हे लांडग्याचंच का?" दाढीवाल्यानं विचारलं.

"मग काय माझं हाय?" नाना म्हणाले.

वाडीत कुत्र्यांना काय तोटा! पण दाढीवाला खूश होऊन गेला, आणि नानाही खूश. मुक्ताबाई मात्र चुलीपुढनं म्हणाली, "एक दिवस ही फसवाफसवी अंगाशी यील तुमच्या." बायकोचं बोलणं वेळेवर कानात शिरलं असतं तर पुरुषाच्या जातीचं अर्धं दुःख कमी झालं असतं. पण ते असो.

रोहिणी आली ती मागच्या चैत्रात. शहरातल्या कॉलेजात पीएचडी करणारी पोर, बारीक चणीची, उन्हानं नाक सोललेलं. तिचा विषय पाणी. जमिनीखालच्या पाण्यात फ्लोराईड नावाचा क्षार असतो, तो जास्त झाला की पोरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात आणि मोठ्यांचे सांधे धरतात. तर कुठल्या वाडीच्या पाण्यात तो किती, हे ती तपासत होती. तिच्या अभ्यासाकडं एका संस्थेचं लक्ष होतं. ज्या वाडीचं पाणी वाईट निघेल तिथं संस्था फिल्टर बसवून देणार होती. हे रोहिणीनं नानांना सांगितलं होतं, नाही असं नाही. पण नानांचं ध्यान तेव्हा तिच्या उतरलेल्या तोंडाकडं होतं. पोरगी बोलता बोलता भोवळ येऊन खाली बसली.

मुक्ताबाईनं तिला आत आडवं केलं, कांदा फोडून नाकाशी धरला. पोरगी तशातही उठायला बघत होती, कारण नंबर घातलेल्या बाटल्या तशाच पडल्या होत्या. वाडीतल्या प्रत्येक हापशाचं आणि बोअरचं पाणी वेगवेगळ्या बाटलीत घ्यायचं होतं.

"तू पड गं पोरी," नाना म्हणाले. "मी आनतो भरून. माझ्या पायाखालची वाट हाय."

आता या वाडीची एक रीत सांगायला हवी. वाडीत सगळे हापशाचंच पाणी पितात, आणि ते मचूळ. पण खाली ओढ्याच्या काठाला एक गोड्या पाण्याची विहीर आहे. तिला पाणी बेताचं. म्हणून घरटी एक कळशी मिळते, आणि ती कळशी झाकून वेगळी ठेवायची, पाव्हण्यासाठी. घरचं पोर तहानेनं रडलं तरी त्याला हापशाचं, आणि पाव्हण्याला विहिरीचं. पाव्हण्याला हापशाचं पाणी दिलं तर वाडीत तोंड दाखवायला जागा उरत नाही.

नाना बाटल्या घेऊन निघाले ते सरळ हापशाकडंच. पण पहिल्या हापशापाशी उभं राहिल्यावर त्यांच्या मनानं घेतलं, हे पाणी शहरात जाणार. तिथं मोठमोठे साहेब ते बघणार. पोरगी दाखवताना कुणी तिला फाटकं लुगडं नेसवतं का? त्यात आधीच वाडीतल्या पोरांच्या सोयरिकी जुळेनात. दात बघून पोरीवाले माघारी जात होते. वाडीच्या पाण्याचं नाव एकदा कागदावर वाईट निघालं, तर मग बघायलाच नको. नाना ओढ्याकडं वळले, आणि सगळ्या बाटल्या गोड्या विहिरीवर भरून घेऊन आले. तोंडभर हसत त्यांनी त्या रोहिणीपुढं ठेवल्या. पोरीचे डोळे भरून आले. "नाना, तुमचे उपकार कसे फेडू?" ती म्हणाली.

पुढं पावसाळा गेला. दिवाळी झाल्यावर ओढ्यापलीकडच्या वाडीत एक टेम्पो आला. त्यातून निळ्या टाक्या उतरल्या, पाइप उतरले, आणि तिथल्या देवळाशेजारी फिल्टर उभा राहिला. नाना चौकशीला गेले. तिथला माणूस म्हणाला, "तुमच्या वाडीला कशाला पायजे? तुमचं पाणी तर एक नंबर निघालं."

नाना परत आले ते मुकाट्यानं ओट्यावर बसले. ज्ञानेश्वरी, त्यांची नात, शाळेतून आली. पोर दहा वर्षांची आणि मूळची खिदळणारी. पण हल्ली हसताना तिचा हात आपोआप तोंडावर जायचा, कारण वर्गातली पोरं तिला 'गंजकी' म्हणायची. नानांनी तिला जवळ ओढलं. "बघू बाई, आ कर." पोरीनं मान खाली घातली आणि काही केल्या तोंड उघडलं नाही.

त्या दिवशी नानांनी मुक्ताबाईला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. आरडाओरडा करील असं वाटलं होतं, तर नाही. नुसती म्हणाली, "पाव्हनीची तहान तेवढी दिसली तुमाला. घरच्या पोरीची न्हाई दिसली व्हय?" नानांचा जीव कळवळला. एवढं पाप माझ्या हातनं कसं झालं, असं म्हणत ते डोकं धरून बसले. फोन करून सांगावं म्हणून त्यांनी कितीदा मोबाईल हातात घेतला आणि कितीदा ठेवला. सांगावं तर पोरीचा सगळा अभ्यास मातीत जाणार. न सांगावं तर आपल्याच पोरींचे दात आणि गुडघे जाणार.

आणि मग उन्हाळ्याच्या तोंडाला तिचाच फोन आला. "नाना, झाली माझी पीएचडी! पेढे घेऊन येतेय."

रोहिणी आली ती नवा ड्रेस घालून, पेढ्यांचा खोका आणि लाल बांधणीचा जाडजूड प्रबंध घेऊन. ओट्यावर बसून तिनं पहिल्यांदा आभाराचं पान उघडलं. त्यात नानांचं नाव सगळ्यांच्या वर होतं. मग तिनं वाडीवरचं प्रकरण दाखवलं. "सगळ्या बाटल्यांचं पाणी अगदी एकसारखं निघालं, नाना. आमचे सर चकितच झाले. मग मी त्याचं कारण शोधलं. तुमच्या वाडीखाली खडकाचा एकच सलग थर असणार, असं मी मांडलंय. तोंडी परीक्षेत सगळ्यात जास्त कौतुक या प्रकरणाचंच झालं."

नसलेला खडक पोरीनं केवढ्या मेहनतीनं उभा केला होता! ते ओट्यावरनं उठले, आत गेले. मुक्ताबाई रीतीप्रमाणं पाव्हण्याच्या कळशीचं झाकण काढून तांब्या बुडवणार होती. नानांनी तिचा हात धरला, रिकामा तांब्या काढून घेतला आणि ते अनवाणी दाराबाहेर पडले. शाळेजवळच्या हापशावर त्यांनी तो भरला. बाया बघत होत्या. "अवो नाना, पाव्हनी आलीया न्हवं तुमच्याकडं?" एकीनं विचारलं. नाना भरला तांब्या घेऊन ओट्यावर आले आणि त्यांनी पेला भरून रोहिणीपुढं धरला.

रोहिणीनं पेला तोंडाला लावला, एक घोट घेतला आणि थांबली. तिनं पेल्यात बघितलं.

"नाना, हे कुठलं पाणी?"

"शाळेजवळच्या हापशाचं. वाडी पिती त्ये हेच हाय, पोरी. तुझ्या बाटल्यांत हे नव्हतं. त्या समद्या मी पाव्हन्याच्या हिरीवर भरल्या हुत्या." नानांनी हात जोडले. "माझ्या हातनं लई वाईट झालं. तुझं वाटोळं केलं मी, आन् माझ्या वाडीचंबी."

रोहिणीचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढराफटक पडला. "सगळ्या?" तिनं विचारलं. नानांनी मान डोलावली. "अहो नाना, पाच वर्षं... माझ्या आईनं..." मग एकदम तिचा आवाज चढला. "आणि बाकीच्यांना? त्या सगळ्यांनाही असंच दिलंत?"

"लांडग्याचं कुत्र्याचं हुतं," नाना खाली बघत म्हणाले. "तोफ न्हाई. पंगतीचं खरं सांगितलं न्हाई."

"ओव्या तेवढ्या खऱ्या हुत्या बाई," मुक्ताबाई दारातनं म्हणाली. "त्या माझ्या आईच्या हायेत." आणि तिला रडू फुटलं.

ज्ञानेश्वरी खांबाआड उभी होती. कुणी काही म्हणायच्या आत ती पुढं आली आणि तिनं तोंडावरचा हात काढला. रोहिणीनं तिचे दात बघितले. तिनं असे दात पुस्तकातल्या फोटोत आणि पलीकडच्या वाडीत पाहिले होते. त्यांच्यावर तिनं पानंच्या पानं लिहिली होती. मागच्या चैत्रात ही पोर याच ओट्यावर तिच्या उशाशी वारा घालत बसली होती, पण तोंड मिटून.

पेढ्यांचा खोका तसाच दोरा बांधलेला पडला होता. आता हे कॉलेजात सांगायचं की गिळून टाकायचं, सांगितलं तर मिळालेली पदवी राहील का, आणि संस्था दुसऱ्यांदा दार उघडील का, यातलं काहीच रोहिणीला ठाऊक नव्हतं. नानांनाही नव्हतं. तिनं प्रबंध उचलून सॅकमध्ये घातला. नानांना वाटलं, चालली. पण तिनं सॅकमधली पाण्याची बाटली काढली, तिच्यातलं विकतचं पाणी तुळशीत ओतलं आणि ती रस्त्यानं शाळेकडं चालू लागली.

नाना तिच्या मागं मागं गेले. ऊन तसंच होतं, मागच्यासारखंच. हापशापाशी पोचेपर्यंत पोरीचं तोंड पार उतरलं होतं, आणि नानांचा हात सवयीनं पुढं झाला.

"दे पोरी, मी भरतो. तू सावलीला थांब."

रोहिणीनं बाटली छातीशी धरली.

"नको, नाना," ती म्हणाली. "मीच भरते."