बाकी

यजमान गेल्यावर वर्षभराने मी वरची खोली भाड्याने दिली. डोक्यावर कुणाची तरी पावलं वाजावीत, एवढंच मनात होतं. आमच्या ब्राह्मणपारा मोहल्ल्यात एकदोघींनी विचारलं, "मुसलमान बाई काहून ठेवली?" मी म्हटलं, "अमरावतीची आहे." त्यांनाच खोली देण्याचं कारण खरंच तेच होतं. इथे हिंदी मुलखात वाढलेली मुलगी फोनवर हिंदीत बोलते. माझ्या वऱ्हाडी बोलीत माझ्याशी बोलणारं घरात कुणी उरलं नव्हतं.

बाई शाळेतून चित्रकलेच्या शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या. मी त्यांना आपा म्हणायचे. दुपारी चहा घेऊन वर गेले की त्या जमिनीवर कॅनव्हास पसरून बसलेल्या असायच्या. अल्लाच्या नावांपैकी एखादं नाव घ्यायचं, अरबी अक्षरांत आधी बोरूने, मग रुंद ब्रशने, एकावर एक असं लिहीत जायचं, की शेवटी अक्षरांचं नुसतं धुकं उरावं.

"आपा, हे तर वाचताच येत नाही," मी एकदा म्हटलं.

"मलेही नाही येत आता. ज्याच्यासाठी लिवलं तो वाचते."

एका दुपारी मी धीर करून विचारलं, "आमच्या ह्यांचं नाव असंच काढून द्याल?"

त्यांनी ब्रश खाली ठेवला. "माणसाचं नाव मी नाही लिहत, वहिनी. हे मले नमाजासारखं आहे."

मला ते फार लागलं. चहा तिथेच सोडून मी खाली आले आणि पुढे बरेच दिवस वर गेले नाही. पावलं वाजायची. जिन्याच्या तोंडाशी येऊन थांबायची, परत फिरायची. मी खाली पडून ऐकत राहायचे. हाक त्यांनीही मारली नाही, मीही नाही.

मग एक दिवस आपाच खाली आल्या, हाताला धरून मला वर घेऊन गेल्या. भिंतीला टेकवून मोठा राखाडी कॅनव्हास ठेवला होता. त्यावर यावेळी एकच शब्द, फिकट पांढरा. शेवटच्या अक्षराची शेपटी मागे वळून सगळ्या शब्दाखालून गेलेली.

"काय लिहिलं?"

"बाकी. अल्लाचंच नाव आहे. सगळं गेल्यावर जो राह्यते, तो."

"आमच्यात बाकी म्हणजे उरलेलं," मी म्हटलं. "उरली तर मी न, आपा. तो कुठं दिसते?"

आपा माझ्या शेजारी जमिनीवर बसल्या. मग म्हणाल्या, "मीही उरलीच. म्हणून तर रोज लिहून राहिली."

यजमान गेल्यापासून मी कुणासमोर रडले नव्हते. त्या दिवशी रडले. त्यांनी समजूत घातली नाही, फक्त जवळ बसून राहिल्या.

ते चित्र शहरातल्या प्रदर्शनात गेलं आणि कुणीतरी घेतलं. आपा म्हणाल्या, "तुमच्यासाठी दुसरं काढतो." मी नको म्हटलं. त्यांचे गुडघे जिना चढेनासे झाले तेव्हा भाचा येऊन त्यांना अमरावतीला घेऊन गेला. खोली मी पुन्हा कुणाला दिली नाही.

परवा त्यांचा फोन आला. "काय करून राहिल्या, वहिनी?"

"काही नाही. बसली आहे."

"मीही."

 फोन दोघींनीही बराच वेळ ठेवला नाही.