चिमीचे दात

जगात प्रत्येक कामाची एक बिनचूक पद्धत असते आणि ती शोधून काढायची जबाबदारी देवाने आपल्यावरच टाकली आहे, असं मानणारा माणूस आमच्या आतोबांखेरीज मी दुसरा पाहिला नाही. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. केळं कुठल्या टोकाने सोलावं हे ते पाहुण्यांना चहा थंड होईपर्यंत समजावत. छत्री वाळवण्याची त्यांची रीत तर शांती नगरमधल्या त्यांच्या जिन्यावर सगळ्यांना अडखळून अडखळून पाठ झाली होती. निवृत्तीनंतर मीरा रोडच्या शांती नगरात हा फ्लॅट घेतानाही त्यांनी सगळा विचार पद्धतशीर केला. फक्त आत्याला विचारायचं राहिलं. गिरगावातल्या शेजारणी सोडून आत्या आली ती गप्प होऊनच. "गॅस संपलाय," "पान वाढलंय," एवढ्यावर त्यांचा संसार चालला होता.

अशात त्यांच्या चिमी मांजरीने खाणं सोडलं. मांदेली मासळीपाशी धावत जायची, एक तुकडा तोंडात घेऊन टाकायची आणि पंजाने गाल चोळत बसायची. डॉक्टरांनी हिरड्या सुजल्याचं सांगितलं. भूल देऊन दात साफ केले, हलणारा एक काढला आणि जखम भरल्यावर घरी रोज दात घासायला बजावलं. "अंकल, अपनावाला टूथपेस्ट बिलकुल नहीं. बिल्ली थूकती नहीं, निगल जाती है."

आतोबांना नवा विषय मिळाला. आधी मांजरांची पेस्ट बोटावर चाटवायची, मग तेच बोट हिरडीवरून फिरवायचं, मग मऊ ब्रश. "वरचे दात, बाहेरची बाजू. आतलं तिची जीभ बघते," हे ते शेजारच्या गुजराती कुटुंबालाही हिंदीतून सांगून आले. चिमीला मात्र यातलं काहीच मान्य नव्हतं. एका संध्याकाळी मी तिथेच होते. आतोबा दोन्ही हातांवर ओरखडे घेऊन बाल्कनीत खिन्न बसले होते. आत्या जुना टॉवेल घेऊन आली, समोर बसली आणि चिमीला गुंडाळून तिने मांडीवर घेतलं.

"असे समोरून चाल करून येऊ नका. बाजूने या. आणि तिने मान फिरवली की थांबा. जबरदस्ती कुणालाच आवडत नाही."

आतोबांनी बाजूने येऊन उजवीकडचे दात घासले आणि ब्रश हातात धरून ते आत्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "तुला विचारायला हवं होतं मी."

आत्याने चिमीभोवतीचा टॉवेल सारखा केला. "डावीकडचे राहिलेत," ती म्हणाली.

पुढे रोज संध्याकाळी दोघं तशीच बसू लागली. ब्रश क्षणभर फिरायचा, बोलणं मात्र दिवे लागेपर्यंत चालायचं. चिमी पुन्हा खाऊ लागली, चांगली म्हातारी होऊन गेली.

ती गेल्यावर मी भेटायला गेले, तेव्हाही बाल्कनीतल्या खुर्च्या समोरासमोरच होत्या. आत्या केबिन रोडवर भेटलेल्या कुणा जुन्या ओळखीच्या बाईबद्दल सांगत होती आणि सांगता सांगता तिचा हात रिकाम्या मांडीवरून फिरत होता. आतोबांनी तो पाहिला. खुर्ची जरा पुढे ओढली.